मांजरीचा जबडा उघडत नाही – सांध्याचं ऑपरेशन केलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी,

आमची बनी अजून दीड वर्षाचीही नाही. पिल्लू असताना उंचावरून पडून हनुवटी आपटली होती. जखम भरली, खेळायला लागली. मग हळूहळू तोंड उघडणं कमी होत गेलं. आता करंगळीसुद्धा आत जाणार नाही. पातळ केलेलं खाणं चाटते. कोरडा दाणा हुंगते आणि बाजूला होते. जांभई मध्येच अडकते, मग मान झटकते. बघवत नाही.

एक्स-रेत कवटीची हाडं एकमेकांवर येतात, नीट कळेना, म्हणून सीटी स्कॅन केला. डावा सांधा हाडानं जुळून गेलाय, म्हणजे अँकिलोसिस. उजवा मोकळा आहे. डॉक्टर म्हणतात, डाव्या बाजूचा कॉन्डाइल, म्हणजे खालच्या जबड्याचं सांध्यात बसणारं टोक, आणि भोवती वाढलेलं हाड काढायचं. नंतर जबडा थोडा एका बाजूला सरकेल, सुळा हिरडीला किंवा टाळूला लागतोय का ते पाहावं लागेल. याची मला फारशी काळजी नाही, वाकड्या तोंडानंही ती आम्हाला चालेल!

जीव टांगणीला लागलाय तो भुलीमुळे. तोंडच उघडत नाही तर श्वासनळीत नळी घालणार कशी? आणि दुसरं म्हणजे, कापलेल्या जागी पुन्हा हाड धरू नये म्हणून नंतर जबड्याचा व्यायाम हवा म्हणे. औषधाची गोळी दाखवली की कपाटावर चढणाऱ्या मांजरीकडून तो करून कसा घ्यायचा? अनुभव असेल तर सांगा.

उत्तर:
ताई, आमच्या बोक्याचं हेच ऑपरेशन झालंय. बारीक कॅमेऱ्याच्या मदतीनं नळी घालता येते. नाहीच जमलं तर मानेतून श्वासनळीला छेद देतात. ही तयारी आहे का, ते आधीच स्पष्ट विचारा. नसेल तर दुसरीकडे जा, भीड बाळगू नका. त्याच भुलीत मानेतून अन्ननलिकेत खाण्याची नळी बसवून मिळते का तेही बघा. आमच्याकडे औषधंही त्यातूनच गेली, झटापट वाचली.

व्यायामाचं म्हणाल तर आमच्या डॉक्टरांनी वेदनाशामक चालू असतानाच चावायला मऊ खेळणी द्यायला सांगितली होती. हातानं किती ताणायचं ते त्यांनाच ठरवू द्या. ऑपरेशनआधी मात्र घरी जोर लावून तोंड उघडू नका, जबडा मोडेल. आपल्या घरातलं पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, मांजरांना ते जीवघेणं असतं. चाटणंही थांबलं तर वाट न पाहता दवाखाना गाठा. उपाशी मांजराच्या यकृतात काही दिवसांतच चरबी साचते.

बनीची ताई:
कॅमेऱ्याचं उद्याच विचारते. मानेतली नळी त्यानं पंजानं ओढली नाही का? पट्टी कशी बांधली होतीत?