भाच्याच्या स्वरयंत्रावरील पॅपिलोमासाठी इम्युनोथेरपी कोठे मिळेल?

रामबागकर, इंदूर:
भाच्याच्या स्वरयंत्रावर वारंवार पॅपिलोमा, म्हणजे विषाणूमुळे होणाऱ्या चामखिळीसारख्या गाठी, उगवतात. मागच्या महिन्यात नववी शस्त्रक्रिया झाली आणि तीन आठवडे होत नाहीत तोच आवाज पुन्हा बसला. जिना चढू लागला की त्याच्या श्वासाची शिट्टी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येते. अमेरिकेत यावर इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारे, इंजेक्शन निघाले आहे म्हणतात. ते इंदूर किंवा मुंबईत कोठे मिळेल, एवढेच कृपया सांगावे. मध, ज्येष्ठमध, गुळण्या सर्व झाले आहे.

निवृत्त_परिचारिका:
वय लिहिले नाहीत. गेल्या वर्षभरात किती वेळा भूल द्यावी लागली, गाठी श्वासनलिकेत उतरल्या आहेत का, गाठी उठवणाऱ्या एचपीव्ही विषाणूचा प्रकार ६ आहे की ११, यांपैकी काहीच कळत नाही.

वडोदरेकर:
इम्युनोथेरपीच्या मागे लागू नका, बेव्हासिझुमॅब घ्या. माझ्या मेहुण्यांना दर तीन आठवड्यांनी शिरेतून देत असत आणि दुसऱ्या डोसनंतर ते आरतीत सूर लावू लागले.

जुना_वाचक:
आनंद आहे, परंतु ते गाठींचा रक्तपुरवठा तोडणारे औषध आहे. बंद केल्यावर गाठी परतू शकतात, शिवाय रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने तपासत राहावे लागते. रामबागकर म्हणतात ते बहुधा पॅपझिमिओस असावे, ज्याला अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये मान्यता मिळाली. त्यात गोरिलाच्या अ‍ॅडिनोव्हायरस या दुसऱ्या विषाणूच्या वाहनातून एचपीव्हीची ओळख शरीराला करून दिली जाते, जेणेकरून टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) बाधित पेशींवर तुटून पडाव्यात. बारा आठवड्यांत कातडीखाली चार इंजेक्शने असतात. चाचणीतील ३५ रुग्णांपैकी १८ जणांना पुढील वर्षभर शस्त्रक्रिया लागली नाही. मात्र आधी दिसतील तेवढ्या गाठी काढाव्याच लागतात, आणि मान्यता केवळ प्रौढांसाठी आहे.

वडोदरेकर:
म्हणजे निम्म्यांनाच गुण आला. मेहुण्यांचे चार वर्षे उत्तम चालले आहे.

सराफा_प्रेमी:
पुण्यात तयार होणारी सर्व्हाव्हॅक लस का देत नाही? तिच्यात ६ आणि ११ दोन्ही आहेत.

निवृत्त_परिचारिका:
ती संसर्ग होऊ नये म्हणून आहे. उगवलेल्या गाठी तिने जातील या भरवशावर राहू नये. रामबागकर, वयाचे राहिलेच.

अवंतिका_प्रवासी:
मुंबईला जाणार असाल तर अवंतिका एक्सप्रेसचे आरक्षण आधीच करावे.

रामबागकर, इंदूर:
आरक्षणाचे मी विचारलेच नव्हते. भाचा सतरा वर्षांचा आहे, जूनमध्ये अठरा पूर्ण होतील. या वर्षी चार वेळा भूल दिली. छातीचे सीटी स्कॅन झालेले नाही आणि अहवालात प्रकार न लिहिता केवळ ‘पॅपिलोमा’ म्हटले आहे.

जुना_वाचक:
मग जूनपर्यंत हे दोन्ही उरकून घ्या. औषध येथे मिळाले नाही, तर स्वतःच्या वापरापुरते आयात करण्याचा परवाना फॉर्म १२अ भरून, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मागता येतो. खर्चाचा आकडा मात्र अर्जाआधी विचारा.

निवृत्त_परिचारिका:
प्रकार कळण्यासाठी पुन्हा भूल नको. बायोप्सीचा, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याचा, मेणातील ठोकळा प्रयोगशाळेने ठेवला असेल तर त्यावरूनच तपासणी होते. सोमवारी जुना पावती क्रमांक घेऊन जा.