जुनी गाळ-भट्टी: विटा बदलाव्यात की फ्लुइडाइज्ड बेड घ्यावा?

गाळकरी
अमेरिकेतल्या एका मलजल केंद्राचं डिझाइन पुण्यातून चालू आहे. गाळ जाळणाऱ्या, १९७० च्या दशकातल्या दोन मल्टिपल हार्थ (एकावर एक मजले, म्हणजे हार्थ, असलेल्या) भट्ट्या आहेत. गाळ डायजेस्टरमधून (गाळ कुजवणारी बंद टाकी) येतो, घनपदार्थांत जळणारा भाग ५५ टक्के. सेंट्रिफ्यूजचा केक (पाणी काढलेला घट्ट गाळ) २२ टक्के घनपदार्थांवर अडकलाय. गॅसचं बिल अवाढव्य, मधल्या हार्थवर क्लिंकर (वितळून घट्ट झालेली राख) धरतो, गाळ ढवळणाऱ्या रॅबल आर्मचे दात तुटतात. क्लायंट म्हणतो, विटा आणि बर्नर बदला, बाकी चालू द्या. काय सांगावं?

ताळेबंद
आधी केक बघा, भट्टी नंतर. २२ टक्के म्हणजे किलोभर कोरड्या घनपदार्थामागे साडेतीन किलो पाणी. त्याची वाफ करून ८५० अंशांना न्यायला किलोला साधारण ४.२ मेगाज्यूल, म्हणजे एकूण १५. गाळात उष्णता किती? जळणाऱ्या भागाला किलोमागे २३ धरले तरी जेमतेम १२.६. हवा तापवायला लागते ती वेगळी. उरलेलं सगळं गॅसमधून.

केक २८ टक्क्यांवर गेला की पाणी २.६ किलोवर येतं, १५ चे ११ होतात. ३० च्या आसपास, आणि ज्वलनाची हवा धुराच्या उष्णतेवर ६५० अंशांना तापवून विंडबॉक्सला (बेडखालची हवेची पेटी) दिली, तर गणित कसंबसं जुळतं. हे फ्लुइड बेडचं (खालून हवा सोडून उसळत ठेवलेल्या तापल्या वाळूत गाळ जाळणारी भट्टी) झालं. मल्टिपल हार्थचा धूर वरून ४५०-५०० अंशांना सुटतो, म्हणून तिला गॅस कमी पुरतो. पण आफ्टरबर्नर (धूर पुन्हा तापवून जाळणारा बर्नर) लावलात की ती सवलत गेली.

सेंट्रिफ्यूजचं स्क्रोल (गाळ ढकलणारा आतला स्क्रू) झिजलंय का, झीज सोसणाऱ्या वेअर प्लेट कुठे लावल्यात, पॉलिमर (गाळाचे गोळे बांधणारं रसायन) मुरायला अर्धा तास मिळतो का, हे तपासा. टॉर्कवर चालवा, डिफरन्शियल स्पीड (बाहेरचं पिंप आणि स्क्रोल यांच्या वेगातला फरक) कमी ठेवा. डायजेस्ट झालेल्या गाळाचा २६-२७ टक्के केक मिळाला तरी भरून पावलो म्हणायचं. ३० हवेच असतील तर थर्मल हायड्रोलिसिस (गाळ दाबाखाली वाफेने शिजवणं) किंवा अर्धवट वाळवणी आली.

नियमबुवा
विटांच्या खर्चाचा हिशोब पहिल्या दिवसापासून ठेवा. २०११ च्या अमेरिकी नियमानुसार आजवरच्या बदलांचा एकत्रित खर्च मूळ बांधणीच्या आजच्या किमतीच्या (जमीन सोडून) ५० टक्क्यांवर गेला की भट्टी ‘नवी’ ठरते. जुन्या मल्टिपल हार्थला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३८०० पीपीएम, नवीला ५२. पारा घनमीटर धुरामागे ०.२८ वरून ०.१५ मिलिग्रॅमवर. ५२ पीपीएम आफ्टरबर्नरशिवाय विसराच. क्लायंटला गप्प करायला एवढं एक वाक्य पुरे.

पाऱ्यासाठी कार्बन बेड (पारा शोषणारा कार्बनचा थर) घेणार असाल तर स्क्रबरनंतरचा, म्हणजे पाण्याने धुतलेला, धूर ओलाचिंब असतो. तो दवबिंदूच्या वर थोडा तापवूनच आत सोडा, नाहीतर कार्बन भिजून बसतो.

बेडमास्तर
क्लिंकरला दर वेळी विटा जबाबदार नसतात. स्कम (पाण्यावर तरंगणारी चरबी-तेल) टाकी एका झटक्यात रिकामी करून भट्टीत ढकलली की तेवढ्याच जागी तापमान उसळतं आणि राख वितळते. स्कम थोडा-थोडा, केकमध्ये मिसळूनच द्या.

फ्लुइड बेडला हा त्रास होत नाही असं मात्र कुणाला सांगू नका. जैविक फॉस्फरस काढणाऱ्या केंद्राच्या गाळात फॉस्फरससोबत पोटॅशियम येतं. कॅल्शियम कमी पडलं की वाळूचे कण एकमेकांना चिकटतात, बेडचा प्रेशर ड्रॉप हेलकावे खातो आणि एका कोपऱ्यात फ्लुइडायझेशन बंद पडतं. चुना किंवा केओलिन (पांढरी चिकणमाती) घालायची सोय पहिल्याच ड्रॉइंगमध्ये ठेवा. बेड ७५० अंशांच्या आसपास, फ्रीबोर्ड (बेडच्या वरची मोकळी जागा) ८५० च्या वर. फ्रीबोर्ड थंड राहिला तर नायट्रस ऑक्साइड वाढतो. जपानने ८०० वरून ८५० अंशांवर जायचं कारण तेच.

गाळकरी
आभार. सेंट्रिफ्यूज सुधारली तर आहे तोच केक पंप चालेल का? लाइन ९० मीटर आहे.

ताळेबंद
प्रोग्रेसिव्ह कॅव्हिटी (रबरी स्टेटरमध्ये स्क्रू फिरणारा पंप) असेल तर अवघड आहे. २७-२८ टक्क्यांचा केक लाइनमध्ये ताठ बसतो, प्रेशर झपाट्याने चढतं, स्टेटर महिन्यांतच जातो. हायड्रॉलिक पिस्टन पंप घ्या, एल्बो लांब त्रिज्येचेच, आणि पंपानंतर लगेच रिंगमधून पाइपच्या भिंतीलगत पातळ पॉलिमर सोडा. पाणीही चालतं, पण तेच पाणी पुढे भट्टीत उकळावं लागतं, म्हणून मीटर लावा.