मदत हवी आहे : दगडाला चिकटणारा मासा, लोना की पूनाएन्सिस?

नमस्कार मंडळी,

भोर तालुक्यात नीरेला मिळणाऱ्या आमच्या ओढ्यात बोटभर लांबीचा एक मासा आहे. पाण्याला जिथे जोराची ओढ आहे तिथेच, दगडाच्या खालच्या अंगाला सापडतो. परवा एक मासा पाण्यासकट काचेच्या बरणीत घेतला आणि खालून पाहिला. छातीवर, दोन बाजूंच्या परांच्या मधोमध, कातडीच्या उभ्या घड्या आहेत, अगदी नऊवारीच्या निऱ्यांसारख्या. बरणी तिरपी केली तरी काच सोडेना! मिशांच्या चार जोड्या, अंगावर एकही खवला नाही, पाठीवर शेपटीच्या बाजूला छोटा मांसल पर. फोटो काढून लगेच सोडून दिला.

मल्या (दगडाला चिकटणारा दुसरा एक मासा) नक्की नाही. त्याला खवले असतात आणि चिकटायची चकती छातीवर नाही, तोंडाखाली असते. लोच (ओढ्यातलाच मिशांचा लहान मासा) ही नाही, कारण त्याला असा मांसल पर नसतो.

म्हणजे ग्लिप्टोथोरॅक्स (दगडाला छातीने चिकटणाऱ्या मांजरमाशांचा गट), एवढं मला पटलंय. पुढे अडलंय. कृष्णेच्या खोऱ्यात यातल्या दोन जाती तरी आहेत : ब्रिटिश लष्करी अधिकारी साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांत नोंदवलेली लोना, आणि मत्स्यतज्ज्ञ सुंदरलाल होरांनी १९३८ मध्ये पुण्याच्या नदीतल्या माशांवरून वर्णन केलेली पूनाएन्सिस. मासा न मारता, नुसत्या फोटोवरून या दोन वेगळ्या ओळखता येतात का? कुठल्या बाजूने फोटो लागतील? आकुर्डीच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रात असे फोटो दाखवून कोणी ओळख पटवून घेतली आहे का?

घाई एवढ्यासाठी की ओढ्याचं 'खोलीकरण' ठरतंय. जेसीबी लावून गोटे काढायचे आणि खाली बंधारा घालायचा. या माशाचं सगळं जगणं त्या गोट्यांवर आहे. छातीच्या घड्यांवरच्या सूक्ष्म काट्यांनी तो दगड धरतो आणि दगडाखालच्या किड्यांच्या अळ्या खातो. पाणी तुंबून दगडांवर गाळ बसला की धरायला जागाच उरत नाही. गावाला पाणी हवंच, त्याला माझा विरोध नाही. पण वरचा खडकाळ टप्पा तरी तसाच ठेवा, असं ग्रामसभेत सांगायचंय, आणि तिथे 'कुठलासा मासा' म्हणून चालणार नाही, नाव लागेल.

आणखी एक. एप्रिल-मे मध्ये ओढ्याची धार तुटते तेव्हा हे मासे जातात कुठे? खालच्या डोहात उतरतात, की गोट्यांखालच्या ओलीत तग धरतात? सह्याद्रीतल्या ओढ्यांवर काम केलेल्यांपैकी कोणी प्रत्यक्ष पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. कुठला टप्पा वाचवायला सांगायचा, ते त्यावरच ठरेल.