ठासणीच्या बंदुकीच्या पितळी प्लेटांवर हाताने नक्षी: कलम घसरतं, टोक तुटतं

तापीकाठ (यावल)
राम राम मंडळी. परवान्यावरची जुनी ठासणीची (तोंडातून दारू भरायची) बंदूक आहे. बट प्लेट (दस्त्याच्या टोकाची पट्टी) आणि ट्रिगर गार्ड (चापाभोवतीची कडी) ओतीव पितळेचे. लॉकच्या (घोड्याच्या यंत्रणेच्या) समोरच्या बाजूची साईड प्लेट नवीन, दीड मिलिमीटर पत्र्यातून कापलेली. तिन्हींवर वेलबुट्टी कोरायची आहे. कलम ३ मिमी चौकोनी एचएसएसचं (हाय स्पीड स्टील), खालचा कोन ९० अंश, टाच (टोकाखाली घासलेला छोटा उतार) साधारण एक मिलिमीटर लांब. सरळ रेघ बरी येते, पण वळणावर बाहेरची कड उठते आणि कलम घसरतं. गार्डवर तर टोकच उडतं. राळेवर (काम घट्ट धरायच्या चिकट थरावर) बसवलेली प्लेट दुपारनंतर हलायला लागते. आणि आधी नक्षी कोरायची की आधी प्लेट लाकडात बसवायची?

लेथवाला_धुळे
कड उठण्याचं कारण तुम्हीच लिहिलंय: टाच एक मिलिमीटर. वळणावर टोक पुढे वळतं, पण मागची लांब टाच चरातच असते आणि बाहेरच्या भिंतीला घासते. तिथलं पितळ दाबलं जाऊन वर येतं. टाच ०.३ मिमीच्या आसपास ठेवा, कोन १५ अंश. बारीक गोल वेलीसाठी त्याहून आखूड. समोरचा चेहरा (टोकाची तिरपी कापलेली बाजू) ४५ अंशाचा असेल तर ५० करा, टोकाला थोडा जीव येतो.

खालचा कोनही ९० वरून १०५ किंवा १२० वर न्या. ९० चं टोक खोल आणि अरुंद जातं, कडेच्या दाबाने लवकर मोडतं. १२० चं कलम जरा कलतं केलं की त्याच रेघेत जाड-बारीक मिळतं, आणि वेलीची शोभा त्यातच असते.

धार आधी बारीक डायमंड प्लेटवर, मग टाच आणि चेहरा दोन्ही डायमंड पेस्टने आरशासारखे. टाचेवर ओरखडे असतील तर चराचा तळ तसाच मळकट दिसतो. तपासायला टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवा. घसरलं तर बोथट, अडकलं तर चालू. घसरतंय म्हणून जोर वाढवू नका, दर वेळी दगडाकडे जा.

गार्डवर टोक उडतं ते बहुतेक ओतकामामुळे. जुन्या ओतीव पितळेत वाळूचे कण आणि बारीक पोकळ्या असतात. कोरण्याआधी पृष्ठभाग कानस आणि ४०० च्या पेपरने साफ करून भिंगाखाली बघा. काळे ठिपके दिसतील तिथून वेल वळवून न्या, किंवा त्यावर पानाची गर्द छाया टाका. आणि रेघ संपवताना कलम वर उपसू नका, टोक तिथेच तुटतं. मूठ हळूहळू खाली दाबत आणा म्हणजे टोक आपोआप बाहेर येईल.

राळ_लाख (जळगाव)
राळेचं दुखणं आपल्याकडच्या हवेचं आहे भाऊ. जळगाव-भुसावळचा उन्हाळा म्हणजे दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये राळ नरमणारच. राळेत विटेची चाळलेली पूड आणि थोडं गोडेतेल असतं. तेलाने मऊपणा येतो, पुडीने ताठपणा. उन्हाळ्यात तेल जवळपास बंद करा आणि पूड वाढवा. हिवाळ्यात उलट, नाहीतर राळ तडकून प्लेट सुटते. नखाने दाबल्यावर जेमतेम खूण उमटावी इतपत कडक हवी.

बट प्लेट वाकलेली असते, तिच्या पोटात राळ पूर्ण भरा. पोकळी राहिली की तिथे प्लेट लवते आणि चराची खोली बदलते. काढताना बाजूने मंद आच द्या, पितळ लाल करू नका. तापून लाल झालेलं पितळ नरम पडतं आणि कलमाखाली चिवट होऊन कड फार उठते. साईड प्लेटसाठी अर्धकडक पत्रा घेतला असेल तर तसाच राहू द्या.

वळण घेताना कलमाचा हात स्थिर आणि राळेचा गोळा फिरता. गोळा खाली गोल वाटीत किंवा वाळूच्या पिशवीवर ठेवला तरी पुरे, महागडा बॉल व्हाइस (फिरता गोल शिकंजा) नंतर बघा. नक्षी उतरवायला पांढऱ्या पोस्टर कलरचा पातळ हात, त्यावर पेन्सिल, मग सुईने हलकी खूण. रंग पुसला तरी खूण राहते. आधी वेलीचा कणा, मग पानांच्या बाह्यरेषा, छायेच्या रेघा सगळ्यात शेवटी.

गार्डच्या वळणावर ढकलून कोरणं अवघड जातं. तिथे छोटं कलम आणि ५०-६० ग्रॅमची हातोडी घ्या, ठोके हलके आणि भराभर. आणि जिथे साधी कडेची पट्टी हवी तिथे चपट्या कलमाने डुलत-डुलत चालत जा, नागमोडी रेघ उमटते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या जुन्या लांब रायफलींच्या पॅच बॉक्सवरही (दस्त्यातल्या झाकणाच्या छोट्या डबीवर) ती दिसते. ठासणीच्या बंदुकीला पॅच बॉक्स नसेल तर नक्कल म्हणून उगाच नवा ठोकू नका, ही माझी आवड-निवड समजा.

सातपुडा_शिसम
आधी बसवणं, मग नक्षी. यात वाद नाही. प्लेट लाकडात उतरवल्यावर कडा कानशीने लाकडाच्या पातळीत आणाव्या लागतात. आधी कोरलं असेल तर किनारीची रेघ कानसच खाऊन टाकते. किनार कडेपासून दीड-दोन मिलिमीटर आत ठेवा. स्क्रू बसवून डोकी प्लेटच्या पातळीत घासा, खाचा एका दिशेत लावा आणि नक्षी स्क्रूवरूनच जाऊ द्या. प्रत्येक स्क्रूला आतल्या बाजूने खूण करा, अदलाबदल झाली की वेल तुटते.

ऐन वैशाखात कडा जुळवू नका. लाकूड तेव्हा आकसलेलं असतं, आषाढात फुगून पितळेच्या वर येतं. भर पावसात जुळवलं तर उन्हाळ्यात पितळाची धार बाहेर येऊन हाताला लागते. दिवाळीच्या आसपासची हवा बरी.

पॉलिश सगळं कोरण्याआधी, ६०० च्या पेपरपर्यंत. नंतर बफ लावलात तर चराच्या कडा गोल होऊन नक्षी बुळबुळीत दिसते.

तापीकाठ (यावल)
टाच आखूड केली, वळण लगेच सुधारलं. चरात काळा रंग भरायचा आहे, गंधकाचं पाणी चालेल का? आणि नंतर चमक कशी राखायची?

राळ_लाख (जळगाव)
ते पाणी चांदी-तांब्याला चांगलं, पितळावर नीट धरत नाही. काळा एनॅमल पातळ करून चरात भरा, अर्धवट सुकल्यावर सपाट पुठ्ठ्याला ताणलेल्या कापडाने वरचा पुसा. मऊ बोळ्याने पुसलात तर चरातलाही निघतो. चिंच लावून ठेवून देऊ नका, जस्त आधी विरघळतं आणि पितळ गुलाबी पडतं.

लेथवाला_धुळे
अमोनिया असलेलं पॉलिशही टाळा. ठोकून वाकवलेल्या पितळेत ताण उरलेला असतो, त्याला अमोनियाची वाफ लागली की भेगा पडतात. इंग्रजी फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवली की तडकायची ती याचमुळे. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे कारण १९२१ साली नीट मांडलं गेलं. म्हणजे बंदूक गोठ्याच्या भिंतीला टांगायची नाही.

सातपुडा_शिसम
कामाआधीचं राहिलं. फिटिंग काढण्यापूर्वी गज नळीत तळापर्यंत घालून नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा, मग ती खूण तोंडाशीच ठेवून गज बाहेरून नळीवर लावून बघा. गजाचं टोक कान किंवा निप्पलपर्यंत (जिथून ठिणगी आत जाते) पोचत नसेल तर आत जुना बार असू शकतो. कोणी भरून विसरलेल्या ठासणीच्या बंदुका निघतात. अशी असेल तर स्वतः खटाटोप न करता परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे न्या.

कारागिराला द्यायचं असेल तर फक्त सुटी पितळी फिटिंग द्या, बंदूक नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि बंदुकीवरचा क्रमांक किंवा ओळखीचा शिक्का पुसणं किंवा बदलणं गुन्हा आहे. तुमच्या गार्डवर जुना आकडा ठोकलेला असेल तर नक्षी त्याच्या भोवतीने न्या.