प्राग–व्हिएन्नामध्ये ओलोमोउत्सला दोन रात्री: आई-बाबांना झेपेल का?

प्रश्न (बोरिवलीकर): मे महिन्यात मुंबईहून प्रागला उतरून पुढे व्हिएन्नाला जायचंय. मधे गर्दी नसलेलं एखादं गाव हवंय, चेकमधलं ओलोमोउत्स डोक्यात आहे. आई-बाबा सत्तरीचे, दोघंही शाकाहारी. व्हिसा कुठला काढू? तिथे दिवसभर बघण्यासारखं आहे का?

मुक्कामपोस्ट: आधी व्हिसा. शेंगेन व्हिसा दोन्ही देशांना एकच चालत असला तरी अर्ज ज्या देशात जास्त रात्री तिथलाच. प्राग ३ + ओलोमोउत्स २ = चेकमध्ये ५; व्हिएन्ना त्याहून कमी असेल तर चेकचाच अर्ज करा. रात्री सारख्या झाल्या तर जिथून प्रवेश, तो देश. हॉटेल बुकिंगातल्या रात्री आणि अर्जातल्या रात्री जुळल्या पाहिजेत, कारण अर्ज योग्य देशाकडे आलाय का, हे तिथेच बघतात. विमा किमान ३०,००० युरोचा, सगळे दिवस धरून. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो. मे गाठायचा तर फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घ्या, उन्हाळी सुट्टीत मुंबईतल्या तारखा पटापट भरतात.

रूळकरी: प्राग मुख्य स्टेशनवरून थेट गाडीने सव्वादोन तासांच्या आसपास. चेक रेल्वेखेरीज रेजिओजेट आणि लिओ एक्सप्रेसही जातात. फलकावर बहुतेकदा शेवटच्या स्टेशनचं नाव असतं, उदा. ओस्त्रावा. ओलोमोउत्स शोधत बसलात तर गाडी सुटेल. तिकिटावरचा गाडी क्रमांक बघा. फलाटही गाडी सुटायच्या थोडंच आधी लागतो, म्हणून आई-बाबांना फलकासमोरच बसवा. एका कंपनीचं तिकीट दुसरीच्या गाडीत चालेल असं धरू नका. स्टेशन जुन्या गावापासून दोनेक किलोमीटर आहे, बाहेरच ट्राम मिळते. गावात दगडी फरसबंदी आहे. छोट्या चाकांच्या बॅगा तिथे ओढणं जिवावर येतं, म्हणून हॉटेल जुन्या गावातल्या मुख्य चौकाच्या, म्हणजे ‘वरच्या चौका’च्या (होर्नी नामेस्ती) जवळ घ्या.

मुक्कामपोस्ट: आणि हो, चलन कोरुना आहे, युरो नाही. एटीएम ‘रुपयांत हिशेब करू?’ असं विचारेल तेव्हा नाही म्हणा, कोरुनाच निवडा. नाहीतर दर त्यांचा लागतो.

घड्याळवाली: दिवसभराचं नक्की आहे, दोन रात्रीच करा. वरच्या चौकातला पवित्र त्रयीचा स्तंभ ३५ मीटर उंच आहे. १७१६ ते १७५४ अशी त्याची उभारणी चालली, २००० साली तो युनेस्कोच्या यादीत आला. पायथ्याशी चॅपेल आहे, दार उघडं असेल तर आत जा. मात्र माझ्या मते या गावाचा जीव नगरभवनाच्या भिंतीवरच्या खगोलीय घड्याळात आहे. १९४५ मध्ये त्याची मोडतोड झाली आणि १९५५ पर्यंत ते नव्याने उभं राहिलं, तेव्हा राजे-संतांच्या जागी कामगार आणि खेळाडू आले. खाली मोझॅइकमध्ये एक कामगार आहे आणि हातात काचेचं भांडं घेतलेला रसायनतज्ज्ञ. दुपारी बाराला बाहुल्या फिरतात, काही मिनिटांचाच खेळ. दहा मिनिटं आधी पोचा. बरोक कारंजी सहा आहेत, सगळी चालत होतात. संग्रहालयं सोमवारी बंद असतात, ती बाकी दिवशी बसवा.

आता जेवणाचं. सूप भाज्यांचं असलं तरी रस्सा मांसाचा असू शकतो, म्हणून ‘मांस, मासे, हॅम, मांसाचा रस्सा नको’ हे चेक भाषेत लिहून मोबाइलवर ठेवा. तळलेलं चीज, ‘स्माझेनी सिर’, सगळीकडे मिळतं; पण त्याच्या आवरणात अंडं असतं आणि सोबतचा टार्टर सॉसही अंड्याचा असतो, तो वेगळा मागा. इथलं खास चीज ट्वारूझ्की. चरबी अगदी कमी, वास मात्र भयंकर उग्र, तेव्हा आधी एकच प्लेट घ्या आणि खोलीत नेऊ नका.