पणजोबांच्या मागचं कुणीच माहीत नाही, सोलापुरात वंशावळ शोधायची तर सुरुवात कुठून?

चाळीतला_नातू:
मंडळी एक विचारायचं होतं. माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो, तो मागच्या महिन्यात सॉल्ट लेक सिटीला गेलता, तिथं म्हणे खास वंशावळ शोधायचीच लायब्ररी आहे, मजलेच्या मजले, कुणीपण आत जायचं, पैसे नाहीत काय नाहीत, आणि चर्चची रजिस्टरं, जहाजाच्या याद्या, जनगणनेचे कागद सगळं बघायला मिळतं. त्याच्या शेजारचा गोरा आठ पिढ्या मागं गेला एका दुपारी. ते ऐकून मला आपलीच लाज वाटली, मला चौथ्याचं नाव येत नाही. आजोबा सोलापुरात जन्मले, मिलमध्ये होते, त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर पणजोबांचं नाव आहे आणि त्याच्यावर कोरं. घरात एवढंच बोलतात की पणजोबा "दुष्काळात तिकडनं आले, तुळजापूर साईडनं". कुठला दुष्काळ, कुठलं गाव, कुणाला पत्ता नाही. आपल्याकडं असलं काय आहे का?

बाळीवेसकर:
जातीच्या दाखल्यासाठी पाहिजे का? ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आजोबांचा निर्गम उतारा असेल तर काम झालं, एवढ्या मागं जायची गरज नाही.

चाळीतला_नातू:
नाही ओ दाखल्यासाठी नाही, नुसतं कळावं म्हणून. (हे सांगितलं की प्रत्येक जण माझ्याकडं येड्यासारखं बघतो.)

मोडी_शिकतोय:
लायब्ररी आहे की, फक्त एका बिल्डिंगमध्ये नाही, दहा ठिकाणी सांडलेली आहे. पहिलं, शाळेचा नुसता दाखला बघू नको, शाळेत जाऊन जनरल रजिस्टर बघ, त्यात कधीकधी मूळ गाव किंवा आधीची शाळा लिहिलेली असते. जन्मतारखेवर जाऊ नको, १ जून असेल तर ती गुरुजींची तारीख आहे, आईनं सांगितलेली नाही. दुसरं म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना १४, गावातल्या जन्म-मृत्यूची वही, ती तहसीलच्या रेकॉर्ड रूमला असते, जुनी पानं मोडीत. मी माझ्या आजोळच्या गावची चाळलीय. त्यात पोराचं नाव नसतंच बहुतेक, बापाचं नाव आणि पुढं "मुलगा" किंवा "मुलगी", झालं. आडनाव पण क्वचित. अमका बिन तमका, नाहीतर अमका वलद तमका, म्हणजे तमक्याचा पोरगा, आणि "कोम" दिसलं की अमक्याची बायको. १९१८ च्या शेवटाची पानं आली तेव्हा मी वाचायचं थांबलो होतो खरं सांगतो, मरणाच्या कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप, खाली परत ताप, आणि एकाच बापाच्या नावावर चार दिवसांत तीन. इन्फ्लुएंझाची साथ होती ती. घरात कुणी कधी बोललं नव्हतं त्याबद्दल.
पण तुझी गोची अशी की तुळजापूर म्हणजे १९४८ पर्यंत निजामाचा मुलूख आणि सोलापूर इंग्रजांचं. अंतर ४५ किलोमीटर पण कागदाचं राज्यच वेगळं, तिकडचे जुने कागद उर्दूत पण निघतात, आणि सन फसली असतं, त्यात ५९० मिळवले की इंग्रजी सन येतो, एखादं वर्ष इकडं तिकडं. शक असेल तर ७८. जमीन असेल तर १९५४ चं खासरा पाहणी पत्रक बघ, पण दुष्काळात निघालेल्याची जमीन १९५४ ला कुठली राहणार म्हणा. आणि गावाचं नाव नसेल तर यातलं काहीच उघडत नाही, आडनावावर शोध ही अमेरिकेची चैन आहे, आपल्याकडं सगळं गावावर.

अक्कलकोट_रोड:
आमच्याकडं हेळवी यायचे. माहेर दक्षिण सोलापूरला, लिंगायत घर. सुगी झाली की बैल घेऊन यायचा, बैलाच्या गळ्यातल्या घंटेवरनंच कळायचं, कट्ट्यावर बसून वही उघडायचा आणि कन्नडमध्ये एका दमात घराण्याचं सगळं म्हणायचा, मूळ कुठलं, कोण कुणाचा, कोण दत्तक गेला, कोण गाव सोडून गेला. आज्जी ज्वारी द्यायची, कधी लुगडं. मग नवीन जन्मलेल्यांची नावं लिहून घ्यायचा. मी सात वर्षांची असताना वहीत डोकावून माझं नाव शोधलं तर माझ्या धाकट्या भावाचं होतं, माझं नव्हतंच. लेकी लिहीत नाहीत म्हणे, दुसऱ्या घरच्या वहीत जातात. सासरच्या वहीत पण नाही सापडलं मला ते अजून! तर वंशावळ वंशावळ म्हणताना हे पण लक्षात ठेवा, अर्धं घर त्यात नाहीच.

पूर्व_भाग:
आमचं पद्मशाली लोकांचं अजून वेगळं बघा. तेलंगणातनं मागावर काम करायला आले, मराठी शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी ऐकू येईल तसं आडनाव लिहिलं, दोन सख्ख्या भावांची स्पेलिंगं दोन, आता आधारवर पण तीच दोन घराणी झालीत. घरात विचारायचं असेल तर आडनाव विचारू नका, इंटिपेरू (तेलुगूत घराण्याचं नाव) आणि गोत्र विचारा, ते म्हातारी माणसं चुकत नाहीत. आणि कुनपुली म्हणून लोक असतात, ते चित्रांचा लांब कापडी पट लावून मार्कंडेयाची, भावनाऋषीची कथा सांगतात, ते आमच्याच जातीचे मागणारे. त्यांना कुठल्या गावचे कोण ते माहीत असायचं.

सेटलमेंटवाला:
सगळे वही वही करताय म्हणून लिहितो. आमच्या आज्ज्याचं नाव पहिल्यांदा कुठं लिहिलं गेलं तर हजेरीत. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा, सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत होती, रोज हजेरी, पासाशिवाय बाहेर जायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. वंशावळ बाकीच्यांना गुरव भट देतात, आम्हाला पोलिसांनी ठेवून दिली. त्या कागदावर आज्ज्याचं नाव बघून बरं वाटावं का वाईट, ते मला अजून ठरवता आलं नाही.

मोडी_शिकतोय:
+१. याच्यावर वेगळा धागा काढा ओ, प्लीज.

चंद्रभागा_७:
धागाकर्त्याला दोन गोष्टी. तुमच्या भावानं बघितली ती लायब्ररी मॉर्मन पंथाच्या लोकांची, फॅमिलीसर्च. मेलेल्या पूर्वजांचे धार्मिक विधी करायला त्यांना नावं लागतात म्हणून ते १८९४ पासून गोळा करतायत, २४ लाखांच्या आसपास मायक्रोफिल्म डोंगर कोरून त्यात ठेवल्यात. गंमत म्हणजे त्यात आपल्याकडच्या तीर्थक्षेत्रांच्या वह्या पण आहेत, हरिद्वारच्या पंड्यांच्या वगैरे. फुकट अकाउंट काढून घरबसल्या बघता येतं पण नुसते फोटो, पान पान चाळा. दुसरं, एवढं लांब कशाला, पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांकडं आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडं वह्या आहेत, तुमचं घर वारीला नाहीतर नारायण नागबळीला कधी गेलं असेल तर सापडेल. जाताना गाव, जात, आडनाव पाठ करून जा. पहिला प्रश्न गावाचाच असतो.
आणि माळ्यावरची जुनी भांडी उतरवून बघा. पूर्वी लग्नात भांडं दिलं की त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरून घ्यायचे, बऱ्याचदा गावासकट.

चाळीतला_नातू:
अपडेट. रविवारी आत्याकडं गेलो. भांडी म्हटल्यावर हसली, मोडीत घातली म्हणाली सगळी, मग आठवलं की एक पितळी परात आहे, पापड वाळवायला घेते. उलटी केली तर कडेला आहे ओ! पणजोबांचं नाव आहे, त्याच्यापुढं "बिन", आणि पुढं एक नाव जे मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आत्यानं पण नाही. म्हणजे चौथा सापडला. त्याच्यापुढं "मु. का" आणि मग काहीच नाही, चिंचेनं आणि राखेनं घासून घासून गुळगुळीत. मी बोट फिरवून बघितलं, मोबाईलचा टॉर्च तिरका मारून बघितला, एखादा ठिपका लागतो हाताला पण अक्षर होत नाही.

मोडी_शिकतोय:
का? काटी, काटगाव, काक्रंबा, तिन्ही तुळजापूर तालुक्यातच की बे! त्याच्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घास, ठिपके उठतील.

अक्कलकोट_रोड:
आणि आत्याला आधी फोन करून सांगा, परातीला आता पितांबरी लावू नका म्हणावं.