अनुभव धागा: मिंटच्या डबीत मावणारे स्मोर्स

स्मोर्स म्हणजे शेकोटीवर भाजलेला मार्शमेलो (साखरेची मऊ, फुगीर मिठाई) आणि चॉकलेटचा तुकडा दोन बिस्किटांत दाबून खायचा अमेरिकी प्रकार. गर्ल स्काउट्स या अमेरिकी मुलींच्या संघटनेच्या 1927 च्या पुस्तिकेत त्याची कृती छापलेली आहे. आता बऱ्याच ठिकाणी शेकोटी पेटवता येत नाही, म्हणून सगळं सामान मिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत भरायचं आणि छोट्या मेणबत्तीवर भाजायचं, असा प्रकार रूढ झाला आहे. ज्यांनी ही डबी भरली आहे त्यांनी मापं, क्रम आणि कुठे बिघडतं ते सविस्तर लिहावं. "छान लागतं" एवढ्यावर थांबू नका.

न्यू जर्सीहून

आधी मापं, कारण सगळा खेळ त्यांचाच आहे. नेहमीची बिजागरीची मिंटची डबी आतून साधारण 9 सेंमी लांब, पावणेसहा सेंमी रुंद आणि 2 सेंमी खोल असते. टीलाइट मेणबत्तीचा व्यास 3.8 सेंमी. ती एका कोपऱ्यात बसवली की शेजारी जेमतेम 2 सेंमीची पट्टी उरते आणि पुढे 5 सेंमीचा चौकोन. ग्रॅहम क्रॅकर, म्हणजे स्मोर्ससाठी वापरतात ते अमेरिकी गव्हाचं बिस्किट, खाचेवर मोडला तरी अख्खा मावत नाही. ब्रेडच्या दातेरी सुरीने, दाब न देता, करवतीसारखं पुढेमागे करत त्याचे अडीच सेंमीचे चौकोन कापा. दाबलंत की भुगाच होणार.

चौकोनात बिस्किटांच्या तीन-तीनच्या दोन चळती, उरलेल्या जागेत चॉकलेट, पट्टीत छोटे मार्शमेलो. तीन स्मोर्स होतात, जास्त नाही. चौथा कोंबायला गेलं की झाकण दाबून लावावं लागतं आणि बिस्किटं तुटतात. टीलाइट घेतानाही उंची बघा. काही दोन सेंमीहून उंच असतात, मग झाकण लागतच नाही.

काड्यांसाठी टूथपिक नको, बोटं ज्योतीच्या फार जवळ जातात. बांबूची सीखकबाबाची काडी पावणेनऊ सेंमीवर कापून एका बाजूने टोकदार करा, ती लांबीत बरोबर बसते. वास असलेली मेणबत्ती तर अजिबात नको.

पुण्याहून

बिस्किट मऊ पडणं ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. बाहेरच्या दमटपणाला दोष दिला जातो, पण मुख्य कारण डबीच्या आतच असतं. मार्शमेलोत ओलावा भरपूर, भाजलेल्या बिस्किटात जवळजवळ नाहीच. एका बंद डबीत दोघं उघडे ठेवले की ओलावा इकडून तिकडे जातो. सकाळपर्यंत बिस्किट चिवट होतं, मार्शमेलो वरून सुकून कडक होतो. उपाय साधा आहे: बिस्किटं बटर पेपरमध्ये नव्हे, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, कडा दोनदा दुमडा. मार्शमेलोची पुडी वेगळी. बटर पेपर तेलाला अडवतो, वाफेला तेवढा नाही.

दुसरं म्हणजे पेपरमिंटचा वास. डबी नुसती धुऊन जात नाही, आणि चॉकलेट वास लगेच ओढून घेतं. चमचाभर खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून डबीत तासभर ठेवा. मग पुसून, झाकण उघडं ठेवून उन्हात पूर्ण वाळवा. बिजागरीच्या खाचेत पाणी राहिलं की तिथूनच गंज धरतो. मेणबत्तीही फॉइलमध्येच गुंडाळा.

आपल्याकडे ग्रॅहमऐवजी डायजेस्टिव्ह उत्तम, कारण त्यात गव्हाची कणीदार चव आहे. ग्लुकोज बिस्किट कापताना फुटतं आणि मार्शमेलोच्या जोडीला फार गोड होतं.

नागपूरहून

एप्रिल-मे मध्ये चॉकलेटचं काय करायचं ते सांगते. कोकोआ बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं. इथे सावलीतच 42-44 अंश असतं, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. पुण्याच्या दादांनी बिस्किटांसाठी सांगितलेली फॉइलची पुडी चॉकलेटला केली तरी ते आतल्या आत पसरतं. मग थंड झाल्यावर त्यावर पांढरट थर येतो. तो बुरशीचा नसतो, चरबी वर आलेली असते, खायला हरकत नाही. पण पोत रवाळ होतो.

उन्हाळ्यात साध्या चॉकलेटऐवजी बेकिंगचं कंपाउंड वापरा. त्यात कोकोआ बटरऐवजी वनस्पती तेल असतं, ते जरा उशिरा वितळतं. चव उतरते, हे मान्य. नाहीतर चॉकलेट डबीत ठेवूच नका, थंड पाण्याच्या बाटलीला चिकटवून पिशवीत वेगळं न्या.

लंडनहून

शाकाहारी मंडळींसाठी. मार्शमेलो फुगीर राहतो तो जिलेटिनमुळे, आणि ते जनावरांपासून येतं. इथे बहुतेक वेळा डुकराचं. भारतात पाकिटावर मांसाहाराची खूण बघता येते, इथे आणि अमेरिकेत घटकांची यादीच वाचावी लागते. "कोशर" (ज्यूंच्या आहारनियमांत बसणारं) लिहिलं म्हणजे शाकाहारी, असं समजू नका, त्यात माशाचं जिलेटिन असू शकतं.

शाकाहारी मार्शमेलो मिळतात, पण सगळे काडीवर टिकत नाहीत. घरून निघण्याआधी एक भाजून बघाच. मिळालेच नाहीत तर बी काढलेला मऊ खजूर काडीला लावा. त्याची कड फुगून खमंग होते आणि आत टॉफीसारखा मऊ होतो. त्याच्याबरोबर कडू चॉकलेट हवं.

सॅन होजेहून

भाजण्याबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, म्हणून जरा सविस्तर.

आधी डबी पूर्ण रिकामी करा. मग मेणबत्ती रिकाम्या डबीत ठेवून पेटवली तरी चालते, उभं झाकण वाऱ्याला आडोसा होतं. डबी मात्र चांगलीच तापते, हात लावू नका. खाली दगड किंवा फरशी हवी.

मार्शमेलो ज्योतीत घालायचा नाही. पिवळ्या ज्योतीत न जळलेला कार्बन असतो, तोच काजळी होऊन चिकटतो आणि मेणाचा कडवट वास येतो. टोकाच्या वर 3-4 सेंमी धरून काडी सतत फिरवत राहा. मिनिटभरात आधी तुकतुकी येते, मग फुगतो, मग कडेने सोनेरी रंग धरतो. फुगल्यावरही थांबलात तर तो खाली घसरतो. पेटलाच तर हवेत हलवू नका, जळती साखर उडते आणि चटका जबर बसतो. फुंकून विझवा.

चॉकलेट वितळत नाही, ही पुढची तक्रार. मोठा मार्शमेलो उष्णता धरतो, छोट्यात तेवढा जीव नसतो. म्हणून एका स्मोरला दोन छोटे मार्शमेलो, आणि चॉकलेटचा तुकडा पातळ, दोन मिलिमीटरच्या आसपास. बिस्किटावर चॉकलेट ठेवून ते आधीच डबीच्या तापलेल्या कडेजवळ ठेवा. मार्शमेलो तयार होईतो ते मऊ झालेलं असतं. दोन्हीकडून दाबून अर्धा मिनिट थांबा, मगच चावा.

रंगवलेली डबी निखाऱ्यावर ठेवून तिची भट्टी करू नका. रंग जळून धूर येतो, आणि पत्र्यावरचा कथलाचा मुलामा 232 अंशांना वितळतो. निखारे त्याच्या कितीतरी वर असतात.

नाशिकहून

काड्यापेटीचं राहिलं. सेफ्टी काडी तिच्या पट्टीशिवाय पेटत नाही. पट्टी कापून काड्यांपासून वेगळ्या फॉइलमध्ये ठेवा, एकत्र ठेवल्या तर घासण्याचा धोका. पावसाळ्यात पट्टीच आधी दगा देते, म्हणून दोन घ्या. विमानाने जाणार असाल तर भारतात काड्या ना हातातल्या बॅगेत चालतात, ना सामानात. उतरल्यावर विकत घ्या.

राखीव जंगलात किंवा किल्ल्यावर ही डबी उघडू नका. फेब्रुवारीनंतर सह्याद्रीतलं वाळलेलं गवत एका ठिणगीने पेटतं, मेणबत्तीची ज्योतही पुरते. पायथ्याच्या गावात, सारवलेल्या अंगणात, घरच्यांना विचारून करा.

आणि विझवल्यावर मेण पूर्ण गोठेपर्यंत, पंधरा-वीस मिनिटं, डबी हलवू नका. पातळ मेण एकदा बिजागरीत शिरलं की झाकण अडतं. तसं झालंच तर डबी उकळत्या पाण्यात बुडवा, मेण वर तरंगतं, गार झाल्यावर चकती उचलून टाका. ते पाणी मोरीत ओतू नका, मेण नळीत गोठतं.